रंगीत फोटोला मान मिळाला, त्यामागची गोष्ट

कॅमेरा हाती धरलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना 'कुणाचं काम बघून शिकलात?' असं विचारलं, तर नावांआधी रंगच पुढे येतात: लाल भिंत, निळसर संध्याकाळ, निऑनचा उजेड. या वयाला रंगांची हौस शोभतेच, असं आपण धरून चालतो. पण छायाचित्रणात रंगाला मान मिळायला बराच काळ जावा लागला आणि त्या खटपटीत याच वयाची पोरं होती, हे क्वचितच कुणी सांगतं.

ल्युमिएर बंधूंच्या 'ऑटोक्रोम' काचा, म्हणजे रंगीत फोटो टिपणाऱ्या काचेच्या प्लेटा, १९०७ साली फ्रान्समध्ये बाजारात आल्या. बटाट्याच्या स्टार्चचे बारीक कण नारिंगी, हिरवे आणि जांभळे रंगवून काचेवर पसरलेले असत; त्यांतून गाळून आलेला प्रकाश मागच्या प्रकाश टिपणाऱ्या लेपावर उमटे. झाक-आंरी लार्तिग हा हौशी पोरगा विशीच्या आतच या काचा वापरू लागला. एरवी धावत्या मोटारी टिपणाऱ्या लार्तिगला रंग हवा असेल तर माणसांना हलू नका म्हणून बजावावं लागे, इतका वेळ त्या काचांना प्रकाश लागायचा.

खरी मजा अमेरिकेत झाली. लिओपोल्ड मॅनिस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की हे शाळासोबती, एक पियानो वाजवणारा, दुसरा व्हायोलिन. १९१७ साली त्यांनी 'रंगीत' म्हणवणारा एक चित्रपट पाहिला आणि त्यातले भिकार रंग बघून आपणच काहीतरी करू म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेत शिरले. पुढे कोडॅकने त्यांना बोलावून घेतलं. अंधाऱ्या खोलीत घड्याळ दिसत नाही, म्हणून दोघं ब्राम्स या जर्मन संगीतकाराची सिम्फनी ठरावीक लयीत शिट्टीवर वाजवत वेळ मोजायचे. त्यातून १९३५ साली कोडाक्रोम फिल्म आली.

फिल्म आली, प्रतिष्ठा मात्र आली नाही. रंग जाहिरातींचा आणि घरगुती स्लाइडचा. कला म्हणजे कृष्णधवल, असा पक्का समज होता. वॉकर इव्हान्ससारख्या दिग्गज अमेरिकी छायाचित्रकाराने रंगीत छायाचित्रणाला थेट हिणकस ठरवलं. (म्हातारपणी तोच पोलरॉइडवर, म्हणजे झटपट फोटो देणाऱ्या कॅमेऱ्यावर, भरभरून रंगीत फोटो काढत होता!) १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये विल्यम एगलस्टन या अमेरिकी छायाचित्रकाराच्या रंगीत फोटोंचं प्रदर्शन लागलं, तेव्हाही समीक्षकांनी झोडपलं. त्याचा सर्वांत गाजलेला फोटो १९७३ चा: लालभडक छत, मधोमध उघडा बल्ब आणि त्याच्याकडे गेलेल्या पांढऱ्या वायरी. बस, एवढंच. कृष्णधवल करून पाहा, त्यात बघण्यासारखं फारसं काही उरत नाही. रंग हाच विषय असू शकतो, हे पटवायला मला हा एक फोटो पुरेसा वाटतो.

आपल्याकडे छायाचित्रकार रघुवीर सिंग (१९४२–१९९९) यांनी तर रंगाचा असा बचाव करत बसण्याची भाषाच नाकारली. भारतीय नजरेला रंग परका कधी नव्हताच, असं ते ठामपणे मांडत आणि आयुष्यभर रंगातच काम करत राहिले.

एगलस्टनच्या प्रदर्शनाच्याच वर्षी कोडॅकचे संशोधक ब्राइस बेयर यांना प्रकाश टिपणाऱ्या सिलिकॉनच्या सेन्सरवर बसवायच्या लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांच्या जाळीचं पेटंट मिळालं. बहुतेक मोबाइल कॅमेऱ्यांत तीच जाळी किंवा तिचं एखादं रूप आहे. तत्त्व ऑटोक्रोमशी जवळचं, फक्त बटाट्याऐवजी सिलिकॉन. २०१० अखेर कोडाक्रोम धुऊन देणारी शेवटची प्रयोगशाळाही ते काम थांबवून मोकळी झाली. त्याच वर्षी इन्स्टाग्राम आलं, जुन्या फिल्मची आठवण करून देणारे फिल्टर घेऊन. 'फिल्म लूक' म्हणून आज मुलं जे प्रीसेट (रंगांची तयार सेटिंग) लावतात, त्यांतल्या कितीतरींत त्या दोन शाळासोबत्यांच्या फिल्मची नक्कल असते.