बाथटब कुठल्या मटेरियलचा? ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा

दुकानात आल्यावर बहुतेकजण आधी टबावर बोटं वाजवून बघतात. "हा पोकळ वाजतोय, जाड दाखवा." माठ घेताना ही पद्धत बरोबर, टबाला ती चालत नाही. ॲक्रिलिक, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक, चांगलं असलं तरी पोकळच वाजतं. त्यापेक्षा टब उलटा करायला सांगा. मागे फायबरचा थर सगळीकडे सारखा बसलाय का, तळाला फळी आहे का, ते बघा. मग सरळ करून तळ हाताने दाबा. दबत असेल तर घेऊ नका, पुढे तडा तिथेच जातो. आमच्या टबांनाही हे खुशाल करून बघा, उचलायला मुलगा देतो.

फ्लॅटसाठी आम्ही शक्यतो ॲक्रिलिकच सुचवतो. तीस-चाळीस किलोचा टब दोन माणसं जिन्यानेही वर नेतात, अंगाला गार लागत नाही आणि बारीक ओरखडा पॉलिश पेपरने निघतो. यात आम्हाला जास्त पैसे सुटतात असं काहींना वाटतं. खरं तर कास्ट आयर्नमध्ये, म्हणजे बिडाच्या टबात, जास्त सुटतात. पण तो टब रिकामाच दीडशे किलोच्या आसपास, त्यात १८० लिटर पाणी आणि एक माणूस धरला की ४०० किलो होतात, तेही जेमतेम सव्वा चौरस मीटर जागेवर, म्हणजे चौरस मीटरला तीनशेच्या वर. घरातल्या बाथरूमचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो धरून काढलेला असतो. म्हणून वरच्या मजल्यासाठी इंजिनीअरची चिठ्ठी आणल्याशिवाय आम्ही कास्ट आयर्नची ऑर्डर घेत नाही. तळमजल्याच्या बंगल्यात जरूर घ्या, नीट वापरला तर पुढची पिढीही वापरेल.

स्टीलचा टब हलका असतो, पण नळ सोडला की वाजतो, आणि वरच्या इनॅमलचा, म्हणजे काचेसारख्या लेपाचा, टवका उडाला की तिथून गंज धरतो. साधा फायबरचा टब स्वस्त पडतो, मात्र त्याची चमक लवकर जाते. तो आम्ही ठेवत नाही.

आता मुद्द्याचं. "टब नवीन आहे आणि डाग पडलेत" असा फोन आला की आमचा माणूस अर्धा दिवस अडकतो, आणि जाऊन बघावं तर गोष्ट तीच. टब बसल्या दिवशी हौसेने वरचं प्लास्टिक काढलेलं. मग टाइल्सवाला बूट घालून आत उभा राहिला, फटीत भरायचं ग्राउट सांडलं, रंगाचे थेंब उडाले. शेवटी मिस्त्रीने फरशीबरोबर टबही ॲसिडने धुतला आणि रंग थिनरने पुसला. ॲसिडने इनॅमलची चमक जाते आणि ड्रेनचं क्रोम काळं पडतं. थिनरने ॲक्रिलिक मऊ पडून पांढुरकं होतं. हे वॉरंटीत बसत नाही. भांडी घासायची पावडर आणि तारेची घासणीही टबाला लावू नका. पुण्यात वाघोली, उंड्रीकडे टँकर-बोअरच्या पाण्याचा पांढरा थर येतो, त्याला कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून मऊ फडक्याने पुसलं की पुरतं. प्लास्टिक काढायचं ते रंगारी घराबाहेर पडल्यावरच.

बसवायला आम्ही दोन फेऱ्या घेतो, त्यावरूनही कुरकुर होते. टब पाण्याने भरला की थोडा खाली बसतो. म्हणून तो भरून ठेवूनच कडेचं सिलिकॉन मारतो, आणि ते वाळल्यावर दुसऱ्या दिवशी पाणी सोडतो. रिकाम्या टबाला सिलिकॉन मारलं तर पहिल्याच आंघोळीला सांधा उघडतो आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी वर येतात.

आणि गीझर? २५ लिटरच्या गीझरमधून गार पाणी मिसळून आंघोळीजोगं साठेक लिटर निघतं. टबाला निदान दीडशे लागतं. मटेरियल कुठलंही घ्या, हा हिशेब बदलत नाही.

येताना बाथरूमच्या दाराची रुंदी चौकटीच्या आतून मोजून आणा, लिफ्टचंही माप घ्या. जमत नसेल तर आम्ही येऊन मोजतो. त्या भेटीचे पैसे ऑर्डर दिल्यास बिलातून वजा होतात.