सार्क बेटावर खरंच एका जमीनदाराचं राज्य आहे?

'युरोपात सार्क नावाचं बेट आहे, तिथे मोटारी नाहीत, मतदान नाही, एकच जमीनदार राज्य करतो.' हा मजकूर बरीच वर्षं फिरतोय.

मोटारींचं खरं आहे. तिथे सायकली, घोडागाड्या आणि ट्रॅक्टर चालतात. जमीनदाराची गोष्टही हवेतली नाही. 1565 मध्ये इंग्लंडच्या राणीने हे बेट एका सरदाराला दिलं, अट अशी की त्याने तिथे 40 सशस्त्र माणसं वसवावीत. त्यातून जमिनीचे 40 वाटे पडले आणि त्यांच्या मालकांना बेटाचे कायदे करणाऱ्या सभेत आपोआप जागा मिळाली. म्हणजे जमीन विकत घेतली की आमदारकी हातात! सोबत थोडे निवडून आलेले सदस्य असत. हे थेट 2008 पर्यंत चाललं, त्यामुळे गैरसमज होणं साहजिकच.

डिसेंबर 2008 मध्ये मात्र पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि मालकांच्या राखीव जागा गेल्या. आता सगळे सभासद मतदानाने येतात. वंशपरंपरेचा जमीनदार अजून आहे, पण कायदे सभा करते. अडचण उलटीच आहे: वस्ती जेमतेम पाचेकशे, त्यामुळे 2017 मध्ये जागांइतके उमेदवारही उभे राहिले नाहीत.

पडताळायचं असेल तर सभेच्या अधिकृत संकेतस्थळावर सभासदांची नावं आणि बैठकांची इतिवृत्तं सापडतील. फॉरवर्डमधला मजकूर 2008 च्या आधीचा आहे का, तेवढं बघा.