हृद्‌रोहिणी विकार

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांच्या भिंतीत चरबीचे थर साचून त्या अरुंद होण्याचा आजार. बोलताना याला ‘ब्लॉकेज’ म्हणतात. शब्द सोयीचा आहे, पण त्यामुळे नळात कचरा अडकल्याचे चित्र डोळ्यांसमोर येते आणि उपचारांविषयीचे निम्मे गैरसमज तिथेच सुरू होतात. बिघाड पोकळीत नसतो, भिंतीत असतो. आणि तो एखाद्या ठिपक्यापुरता न राहता रोहिणीच्या बऱ्याच लांबीत पसरलेला असतो.

हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रोहिणीच्या, म्हणजे महारोहिणीच्या, मुळाशी डावी आणि उजवी अशा दोन हृद्‌रोहिण्या निघतात. डावीचे आखूड खोड लवकरच दुभंगते: एक शाखा हृदयाच्या पुढच्या भिंतीवरून खाली उतरते, तिला रिपोर्टात एलएडी लिहितात, दुसरी बाजूने वळसा घेते. मुख्य रोहिण्यांचा व्यास जेमतेम 3 ते 4 मिलिमीटर. शरीरभर रक्त ढकलणाऱ्या डाव्या जवनिकेच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः हृदय शिथिल असताना. नाडी जलद झाली की ही विश्रांती आखडते आणि स्नायूची मागणी नेमकी तेव्हाच वाढते. जिना चढताना दुखणे आणि थांबल्यावर ओसरणे यामागे हे गणित आहे. सुमारे 70 टक्के अरुंदपणा होईपर्यंत बहुतेकांना काहीच जाणवत नाही.

रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल रोहिणीच्या आतल्या अस्तराखाली शिरते. ते गिळायला आलेल्या पांढऱ्या पेशी चरबीने फुगून तिथेच मरतात, आणि मऊ लगद्यावर तंतूंचे झाकण तयार होते. झाकण जाड असेल तर थर वर्षानुवर्षे निमूट राहतो. पातळ आणि सुजलेले असेल तर फाटते, लगदा रक्ताच्या संपर्कात येतो आणि काही मिनिटांत गुठळी धरते. हाच हृदयविकाराचा झटका. फाटणारा थर पुष्कळदा आधी 50 टक्केही अडथळा करत नसतो. त्यामुळे गेल्याच महिन्यात ट्रेडमिल चाचणी चांगली आलेल्या माणसालाही झटका येऊ शकतो. ती चाचणी अडथळा ओळखते, झाकण किती पातळ आहे हे नाही.

52 देशांत झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, आहार, व्यायाम आणि मद्य हे नऊ घटक पहिल्या झटक्याच्या जवळजवळ 90 टक्के धोक्याशी जोडलेले असल्याचे दिसले. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे लवकर येतो, हेही त्यातून पुढे आले. धूर नसलेला तंबाखू यातून सुटत नाही. ‘मी ओढत नाही’ असे सांगणाऱ्याला तंबाखू मळता का, मिश्री लावता का, हे वेगळे विचारावे लागते.

झटक्याची वेदना सहसा टोचणारी नसते. छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखा भार किंवा आवळल्यासारखे वाटते. कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाते, दरदरून घाम फुटतो. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रियांमध्ये नुसता दम लागणे, मळमळ, विलक्षण थकवा एवढेच असू शकते. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका पोटाच्या वरच्या टोकाशी जाणवतो, ढेकरही येतात. ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा, ओवा, जिरे यांत सर्वांत मोलाचा तास इथेच जातो. चाळिशीपुढच्या माणसाला घामासह असे दुखले, तर ईसीजी निघेपर्यंत ते हृदयाचेच समजावे.

अशा वेळी रुग्णाला चालवू नये, जिना चढवू नये, स्वतः गाडी चालवू देऊ नये. 108 ला फोन करावा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर 300 मिलिग्रॅम चावून खायला द्यावी. घरात 75 च्याच गोळ्या असल्या तर चार. जिभेखालची सॉर्बिट्रेट 5 मिलिग्रॅमची गोळी रुग्णाला खाली बसवूनच द्यावी, कारण तिने रक्तदाब एकदम उतरतो आणि उभा माणूस कोसळतो. रक्तदाब आधीच कमी असेल किंवा गेल्या एक-दोन दिवसांत सिल्डेनाफिलसारखी लैंगिक दुर्बलतेवरची गोळी घेतली असेल, तर सॉर्बिट्रेट देऊच नये.

रुग्णालयात पोचल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी निघायला हवा. रोहिणी पूर्ण बंद असल्याचे त्यात दिसले आणि दोन तासांच्या आत कॅथ लॅबमध्ये (अँजिओग्राफीच्या खोलीत) रोहिणीत फुगा फुगवता येणार असेल, तर थेट ही फुग्याची अँजिओप्लास्टी सर्वांत चांगली. तेवढ्यात पोचणे शक्य नसेल तर पहिल्या 12 तासांत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, आणि ते जितके लवकर तितके चांगले: टेनेक्टेप्लेज वजनानुसार 30 ते 50 मिलिग्रॅम एका दमात, किंवा स्ट्रेप्टोकायनेज 15 लाख युनिट अर्ध्या ते एका तासात. मेंदूत कधी रक्तस्राव झाला असेल तर हे देता येत नाही. तालुक्याच्या गावात ‘मोठ्या दवाखान्यात न्या’ म्हणून इंजेक्शनविना पाठवलेला रुग्ण रस्त्यातच स्नायू गमावतो. इंजेक्शननंतर 60 ते 90 मिनिटांनी ईसीजीतल्या रेषेचा झटक्यामुळे आलेला उठाव निम्म्याने उतरला नाही, तर लगेच अँजिओप्लास्टी करावी लागते.

अँजिओग्राफीत बहुधा मनगटाच्या रोहिणीतून सुमारे 2 मिलिमीटर जाडीची नळी हृद्‌रोहिणीच्या तोंडाशी नेतात आणि रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांत चित्र घेतात. हे द्रव्य मूत्रपिंडावर भार टाकते, म्हणून आधी रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा) पाहतात. अँजिओप्लास्टीत केसासारखी तार अडथळ्यापलीकडे सरकवतात, तिच्यावरून फुगा नेऊन फुगवतात आणि जाळीचा स्टेंट भिंतीत दाबून बसवतात. स्टेंट पुरता उघडला नाही, तर पुढे गुठळी होण्याची मोठी भीती असते. हृदयाच्या रोहिणीवरची पहिली अँजिओप्लास्टी आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी 16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिक येथे केली. भारतात फेब्रुवारी 2017 मध्ये औषधी लेपाच्या स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये ठरवली गेली. नंतर ती वेळोवेळी बदलली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही येतात.

झटक्यात स्टेंट जीव वाचवतो. स्थिर आजारात, म्हणजे झटका नसून ठरावीक श्रमानंतरच दुखते तेव्हा, मात्र तो मुख्यतः वेदना कमी करतो. 2007 चा करेज आणि 2020 साली प्रसिद्ध झालेला इस्केमिया या मोठ्या चाचण्यांत, नीट औषधे घेणाऱ्या स्थिर रुग्णांना स्टेंट किंवा बायपास आधीच केल्याने मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. डाव्या मुख्य खोडातला अडथळा याला अपवाद. म्हणून स्थिर रुग्णाला टेबलावर असतानाच ‘आत्ताच टाकू का?’ असे विचारले गेले, तर नातेवाइकांनी घाई करू नये. अँजिओग्राफीची सीडी घेऊन दुसरे मत घेता येते. तिन्ही रोहिण्या खराब आणि सोबत मधुमेह असेल, तर बायपास सरस ठरतो. त्यात छातीच्या आतली रोहिणी एलएडीला जोडतात. ती दहा वर्षांनीही बहुतेकांत चालू असते. पायाच्या नीलेचे जोड तोवर निम्म्याच्या आसपास बंद पडतात.

मूळ आजारावरचा उपचार म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गोळी, सहसा अ‍ॅटोरव्हास्टॅटिन 40 ते 80 मिलिग्रॅम. एलडीएल 55 ते 70 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणायचे असते. ‘नॉर्मल आले’ म्हणून गोळी बंद केली की काही आठवड्यांत आकडा मूळ पदावर जातो. लसूण-आले-लिंबू आणि सफरचंदाचे व्हिनेगर आटवलेल्या काढ्याने थर विरघळल्याचा पुरावा नाही. काढ्यापायी स्टॅटिन सुटते, हे त्याचे खरे नुकसान. झटक्यानंतर स्टेंट टाकला असेल तर अ‍ॅस्पिरिनसोबत गुठळी रोखणारी दुसरी गोळी, क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर, साधारण 12 महिने, स्थिर आजारात साधारण 6 महिने. दात काढायचा म्हणून या दोन्ही गोळ्या परस्पर थांबवल्या, तर स्टेंटमध्ये अचानक गुठळी होऊ शकते. दात बहुधा गोळ्या चालू ठेवून, जागेवर कापूस दाबून काढता येतो.