आपला तो वॉल्टर, दुसऱ्याचा तो गुन्हेगार

आधीच सांगून ठेवतो, ब्रेकिंग बॅड ही अमेरिकन सिरीज बघायची राहिली असेल तर इथूनच मागे फिरा, पुढे शेवटासकट सगळं फोडणार आहे.

तर माझं आणि माझ्या मामेभावाचं एक भांडण कित्येक वर्षं चालू आहे. या सिरीजचा ६२ वा आणि शेवटचा एपिसोड २९ सप्टेंबर २०१३ ला अमेरिकेत दाखवला, तिथे एक कोटीहून जास्त लोकांनी तो त्याच रात्री पाहिला, आणि तेव्हापासून फॅन्समध्ये जो वाद चाललाय तोच आमच्यातही चाललाय. मामेभाऊ म्हणतो सिरीजच्या नायकाने, वॉल्टर व्हाइटने, शेवटी सगळं निस्तरलं, ९७ लाख डॉलर मुलांपर्यंत पोचतील अशी सोय केली, ड्रग्जच्या धंद्यातल्या साथीदाराला, जेसीला, सोडवलं, ज्यांचा हिशोब चुकता करायचा त्यांचा केला आणि आपल्या मर्जीने मेला, मानलं पाहिजे. मी म्हणतो अरे, इतक्यांचा जीव घेणाऱ्या, ड्रग्ज बनवून विकणाऱ्या माणसाला असं थाटात मरण कशाला, हा तर फारच स्वस्तात सुटला. त्यावर तो म्हणतो स्वस्तात कसला, स्वतःचा मुलगा फोनवर ओरडून सांगतो की मर एकदाचा, साडू मारला गेला, घर गेलं, संसार गेला, अजून काय पाहिजे तुला?

गंमत बघा. एका मिनिटापूर्वी वॉल्टर जिंकला होता, आता त्याला पुरेशी शिक्षा झालीये. कारणं एकमेकांच्या पायात पाय घालतात पण निकाल जागचा हलत नाही. (माझंही तेच होतं, पण ते मला दिसत नाही, त्याला दिसतं.) जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं, की बरं-वाईट ठरवणं बहुतेक वेळा एका झटक्यात आतून होऊन जातं आणि कारणं आपण मागाहून गोळा करतो. डोक्यात न्यायाधीश बसलाय असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात तिथे वकील बसलेला असतो, आणि त्याला अशील आधीच मिळालेला असतो.

मग प्रश्न असा की वॉल्टरचं वकीलपत्र आपण घेतलं कधी?

मला वाटतं पहिल्याच एपिसोडमध्ये, तो गुन्हा करायच्याही आधी. आठवा जरा. पन्नाशीचा केमिस्ट्रीचा मास्तर, पगार पुरत नाही म्हणून शाळा सुटल्यावर कार वॉशमध्ये कामाला जातो. तिथे गुडघ्यावर बसून एका चकचकीत गाडीची चाकं घासत असतो आणि ती गाडी नेमकी त्याच्याच वर्गातल्या पोराची निघते, पोराची मैत्रीण हसून फोन काढते. पुढे लगेच कॅन्सर. आता यानंतर हा माणूस काहीही करो, आपण त्याच्या बाजूला जाऊन बसलेलो असतो. डॉल्फ झिलमन या संशोधकाचा सिद्धांत होता की प्रेक्षक म्हणजे सतत नैतिकतेचे मार्क देणारा परीक्षक, पात्र चांगलं वागलं की ते आवडतं, वाईट वागलं की नावडतं, आणि आवडत्याचं भलं झालं की शेवट पटतो. ऐकायला बरोबर वाटतं. पण मग वॉल्टर किंवा द सोप्रानोज या सिरीजमधला माफिया टोनी सोप्रानो कोणाला आवडायलाच नको होते. आर्थर रेनीने २००४ मध्ये ही साखळी उलटी करून पाहिली, तो म्हणाला की आवड बऱ्याचदा आधी तयार होते, कथेच्या सुरुवातीच्या खुणांवरूनच आपण कोण आपला ते ओळखतो, आणि नंतर त्याच्या वागण्याचा अर्थ त्या आवडीला धक्का लागणार नाही असा लावत बसतो. आपल्याकडे याला फार जुनी म्हण आहे, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

बाब्या-कार्ट्याचं हे प्रकरण प्रयोगात पकडलं गेलंय. नोव्हेंबर १९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन कॉलेजांची फुटबॉल मॅच झाली, फारच धसमुसळी, प्रिन्स्टनच्या स्टार खेळाडूचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. नंतर हॅस्टॉर्फ आणि कॅंट्रिल या दोघांनी दोन्ही कॉलेजच्या विद्यार्थ्यांना तीच फिल्म दाखवली आणि सांगितलं, फाउल मोजा. प्रिन्स्टनच्या पोरांना डार्टमथचे सरासरी ९.८ फाउल दिसले, डार्टमथच्या पोरांना स्वतःच्या टीमचे दिसले ४.३. फिल्म एकच हं. १९५४ च्या त्या पेपरमध्ये त्यांचं म्हणणं असं की दोघांनी एकच मॅच बघून वेगळी मतं बनवली असं समजू नका, दोघांनी मुळात वेगवेगळी मॅच पाहिली.

सिरीजचे लेखक हे पुरेपूर वापरतात. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने माणूस वाईट वागूनही शांत झोपू कसा शकतो याच्या काही युक्त्या नोंदवल्या होत्या, कृत्याला गोंडस नाव देणं, उदात्त हेतू पुढे करणं, दोष समोरच्यावर ढकलणं, आणि माझी आवडती म्हणजे स्वतःपेक्षा वाईट माणसाशी तुलना करणं. आता वॉल्टर पाच सीझन 'कुटुंबासाठी' हा एक शब्द कसा घासून वापरतो ते बघा. आणि त्याच्या आजूबाजूला लेखक माणसं कोणती पेरतात तेही बघा, वॉल्टर जसजसा खाली घसरतो तसतसे समोरचे त्याहून भयंकर होत जातात, आणि शेवटच्या एपिसोडमध्ये समोर चक्क निओ-नाझींची टोळी. त्यांच्यावर मशीनगन चालवणारा कोणीही असो, बरा वाटणारच की! आणि असा शेवट बघून मामेभावाला वॉल्टर सुधारला असं वाटतं, हे मला आजही पटत नाही, तिथे वॉल्टरची उंची वाढलेली नाहीये, शेजारी खड्डा खणलाय.

याची दुसरी बाजू फार कुरूप आहे. त्याची बायको स्कायलर, जिने नवरा ड्रग्ज बनवतो म्हटल्यावर कोणीही शहाणी बाई करेल तेच केलं, ती कित्येक फॅन्सना खुद्द खुन्यापेक्षा जास्त खटकायची. हे इतकं वाढलं की ती भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गन यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला, की पात्राबद्दलचा हा द्वेष आता माझ्यावरच येऊन आदळतोय. रेनीच्या हिशोबाने बघितलं तर कोडं सुटतं, आपण ज्याच्या बाजूने बसलोय त्याच्या वाटेत जो येतो तो व्हिलन, मग तो बरोबर का असेना. सुटतं म्हणून शोभतं असं काही नाही.

आता मूळ भांडणाकडे येतो. आमचं खरं अडतं ते दुसऱ्या सीझनमधल्या जेनच्या मरणावर. वॉल्टर रात्री जेसीच्या घरात शिरतो. जेसी आणि त्याची मैत्रीण जेन दोघंही हेरॉइन घेऊन बेशुद्ध पडलेत. वॉल्टर जेसीला उठवायला गदागदा हलवतो, त्या धक्क्याने कुशीवर झोपलेली जेन उताणी होते. थोड्या वेळाने तिला उलटी होते आणि ती गुदमरायला लागते. वॉल्टर धावत तिच्या बाजूला जातो, आणि थांबतो. उभा राहतो. बघत राहतो. रडतो सुद्धा. बस, बाकी काही नाही, एका माणसाने काहीही न करण्याचा तो सीन आहे. ही जेन त्याला ब्लॅकमेल करत होती, तेही लक्षात ठेवा.

मामेभाऊ म्हणतो त्याने मारलं नाही, ती स्वतःच्या नशेने मेली. हा युक्तिवाद फक्त त्याचा नाहीये, माणसाच्या डोक्याचीच ती सवय आहे. स्प्रँका, मिन्स्क आणि बॅरन यांनी १९९१ मध्ये लोकांना एक गोष्ट दिली. एका टेनिसपटूला उद्याची मॅच जिंकायचीये, प्रतिस्पर्ध्याला एका प्रकारच्या मिरचीची अ‍ॅलर्जी आहे हे त्याला ठाऊक आहे, दोघं रात्री एकत्र जेवायला बसलेत. एका रूपात तो स्वतःहून ती मिरची असलेला पदार्थ सुचवतो, दुसऱ्या रूपात प्रतिस्पर्धी आपणहून तो मागवतो आणि हा फक्त गप्प बसतो. हेतू तोच, परिणाम तोच, तरी बऱ्याच लोकांना सुचवणारा जास्त वाईट वाटला. न करण्याला आपण करण्यापेक्षा स्वस्तात सोडतो. पण वॉल्टरच्या बाबतीत एक मेख आहे, तिला उताणी केली कोणी? मुद्दाम नाही केलं, मान्य, पण केलं त्यानेच. हा मुद्दा काढला की मामेभाऊ पाणी प्यायला उठतो.

आणि ते तिथेच थांबत नाही. जेनचे वडील एअर ट्रॅफिक कंट्रोलर असतात, मुलीच्या दुःखात कामावर परततात, चूक होते, दोन विमानं आकाशात धडकतात, १६७ माणसं जातात. ही १६७ वॉल्टरच्या खात्यात मांडायची का? बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये याच कोड्यावर लिहिलं, दोन ड्रायव्हर सारखेच बेफिकीर, एकाच्या समोर मूल आलं आणि दुसऱ्याच्या नाही, मग पहिला जास्त वाईट माणूस कसा, फरक तर नशिबाचा. फायरी कुशमनचं २००८ चं संशोधन याला छान फोड करून देतं, कृत्य किती चुकीचं होतं असं विचारलं की लोक मुख्यतः हेतू बघतात, पण दोष किती आणि शिक्षा किती असं विचारलं की परिणामही मोजायला लागतात. म्हणजे आमच्या भांडणाचा अर्धा भाग भांडणच नाहीये, तो 'चूक किती' याचं उत्तर देतो आणि मी 'शिक्षा किती' याचं, आणि दोघंही समजतो की समोरचा त्याच प्रश्नाचं चुकीचं उत्तर देतोय. हे कळल्यावर मला क्षणभर फार शहाणं वाटलं होतं, पुढच्या भेटीत पुन्हा तसेच भांडलो.

बरं, हे सगळं मधल्या सीझनमध्येही होतंच, मग फिनालेलाच एवढा भडका का उडतो? एक कारण स्मरणाचं. डॅनियल काहनमन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या प्रयोगात लोकांनी एकदा ६० सेकंद १४ अंशाच्या पाण्यात हात बुडवला, आणि एकदा तसाच ६० सेकंद, वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. तिसऱ्यांदा यातलं कुठलं करायचं ते तुम्हीच निवडा म्हटल्यावर ३२ पैकी २२ जणांनी लांबचं निवडलं, म्हणजे जास्त त्रास, फक्त शेवट जरासा बरा म्हणून. आठवणीत अनुभवाचा कळस आणि शेवट उरतो, लांबी विरघळून जाते. त्यामुळे 'फिनालेने सगळी सिरीज घालवली' हे वाक्य हिशोबाने खोटं असलं तरी स्मरणाच्या दृष्टीने खरं असू शकतं. अर्थात सिरीज म्हणजे बर्फगार पाणी नाही, हा प्रयोग किती ताणायचा यालाही मर्यादा आहे.

पण मला जास्त पटणारं कारण वेगळं आहे. मधल्या सीझनमध्ये निकाल लांबणीवर असतो, तोवर आपलं वकीलपत्र कोणी तपासत नाही. फिनालेत कथेला निकाल द्यावाच लागतो आणि तो वॉल्टरइतकाच त्याच्या बाजूने बसलेल्या आपल्यालाही लागू होतो. तो स्कायलरसमोर कबूल करतो की हे सगळं मी कुटुंबासाठी नाही, स्वतःसाठी केलं, तेव्हा 'कुटुंबासाठी' म्हणत त्याची पाच सीझन पाठराखण करणारे तोंडावर पडतात.

आणि निकालच दिला नाही तर? द सोप्रानोजने ते केलं. १० जून २००७, टोनी बायको आणि मुलासोबत हॉटेलात बसलाय, दार उघडल्याचा आवाज येतो, तो वर बघतो आणि स्क्रीन काळी. काही सेकंद शांतता, मग नावं. कित्येकांना वाटलं केबलच गेली. टोनी मेला की जगला हे भांडण अजून चालू आहे. अर्धवट राहिलेलं टोचतं, 'काहीतरी एक उत्तर द्या पण द्या' ही ओढ प्रत्येकात कमीजास्त असते, वेबस्टर आणि क्रुग्लान्स्की यांनी १९९४ मध्ये ती मोजायची प्रश्नावलीच काढली.

एके काळी अमेरिकन सिनेमात हा प्रश्न नियमानेच मिटवला होता. १९३४ पासून १९६८ पर्यंत तिथे एक आचारसंहिता कडकपणे राबवली गेली, पुढे पुढे ढिली पडली ती गोष्ट वेगळी, तिच्यात लिहिलेलं होतं की प्रेक्षकांची सहानुभूती गुन्ह्याच्या बाजूला जाता कामा नये. गुन्हेगाराला शेवटी गोळी किंवा तुरुंग, विषय संपला. पण सहानुभूती शेवटच्या पाच मिनिटांवर ठरते असं मानणं भाबडेपणाचं होतं, आणि लेखकाने काय म्हणायचं ठरवलंय यावरही ती ठरत नाही. ऑल इन द फॅमिली या अमेरिकन सिरीजमध्ये आर्ची बंकर हा पूर्वग्रहांनी भरलेला बाप्या होता, त्याची खिल्ली उडवायची म्हणून लिहिलेला. विडमार आणि रोकीच यांनी १९७४ मध्ये प्रेक्षक तपासले तर ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त त्यांना आर्चीच जास्त आवडत होता. त्यांची खिल्ली उडतेय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

भांडून मतं जवळ येतील ही आशा तर सोडाच. मोस्कोविची आणि झावालोनी यांनी १९६९ मध्ये फ्रान्सच्या शाळकरी मुलांना त्यांच्या देशाचे राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या द गॉल यांच्याबद्दल गटात चर्चा करायला लावली, आधी थोडे अनुकूल होते ते चर्चेनंतर जास्त अनुकूल झाले. एकाच बाजूचे चार जण एकत्र बसले की बाजू आणखी घट्ट होते.

म्हणून मागच्या महिन्यात मी आणि मामेभावाने चर्चा न करता जेनचा तो सीन पुन्हा लावला, दोघंच, आवाज बंद करून. वॉल्टर बेडच्या त्या बाजूला पोचतो तिथे मी पॉज केलं.

"बघ," तो म्हणाला, "धावत गेला की नाही?"

मी त्याच वेळी म्हणत होतो, "बघ, थांबला."