बाटलीच्या तळाशी वाढतं ते पाणी नव्हे: पेट्रोलमधलं इथेनॉल कसं मोजायचं

पंपावरचं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्यायचं, त्यात थोडं पाणी ओतायचं, बूच लावून हलवायचं आणि मोबाइल पुढे धरायचा. काही मिनिटांत तळाशी थर जमतो, आणि तो ओतलेल्या पाण्यापेक्षा चांगलाच जाड असतो. “बघा, पेट्रोलमध्ये पाणी!” म्हणत असे व्हिडिओ गावभर फिरतात. प्रयोग ठीक आहे, गफलत निष्कर्षात आहे. थरात वाढलेला भाग हा पेट्रोलमधून खाली उतरलेलं इथेनॉल असतो. हाच प्रयोग जरा शिस्तीनं केला, तर पेट्रोलमध्ये इथेनॉल किती टक्के आहे ते एक-दोन टक्के इकडेतिकडे कळतं.

इथेनॉलच्या रेणूचं एक टोक कार्बन-हायड्रोजनचं, म्हणजे पेट्रोलच्या जातीचं, आणि दुसरं टोक ऑक्सिजन-हायड्रोजनचं, पाण्याच्या जातीचं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण हा पाहुणा दोन्हीकडे जेवतो. एकटं पेट्रोल असेल तर त्यात सुखानं राहतो, आणि पाणी समोर आलं की जवळजवळ सगळा तिकडे जातो. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर राहतं. पाणी आणि त्यात गेलेलं इथेनॉल खाली. चाचणीचं सगळं तत्त्व एवढंच.

आपल्याकडे हे मिश्रण नवं नाही. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांतले दोन महाराष्ट्रातले: मिरज आणि मनमाड. २००३ पासून योजना देशात राबवायला सुरुवात झाली, २०२२ च्या जूनमध्ये सरासरी १० टक्क्यांवर गेली आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर, म्हणजे ई२० वर पोचली. एक लिटर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश असते. त्यामुळे निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत ई२० मधली ऊर्जा लिटरमागे सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. जुन्या गाडीचे रबरी नळ आणि सील कशाला तोंड देत आहेत किंवा अॅव्हरेज का पडलं, हे तपासताना टाकीत नेमकं काय आहे तो आकडा हाताशी असलेला बरा.

चाचणीची सर्वांत नीट ठरवून दिलेली पद्धत ब्राझीलची आहे. तिथे पेट्रोलमध्ये इथेनॉल सक्तीचं आहे, २०२५ च्या ऑगस्टपासून ३० टक्के, आणि ग्राहकानं मागणी केली तर पंपाला ही चाचणी त्याच्यासमोर करून दाखवावी लागते. लागतं काय, तर १०० मिलीचं काचेचं मोजपात्र, एकेक मिलीच्या खुणा असलेलं आणि घट्ट बूच बसणारं. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात ते सहज मिळतं. स्वस्त पारदर्शक प्लास्टिकचे पेले नकोत. त्यांतलं पॉलिस्टायरीन पेट्रोलमध्ये विरघळतं. आणि मीठ. १० ग्रॅम मीठ थोड्या पाण्यात विरघळवून एकूण द्रावण १०० मिली होईल इतकं पाणी घालायचं. साध्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काही द्रव्यं मिसळलेली असतात, त्यांनी पाणी किंचित गढूळ होतं. ते निवळू द्यावं आणि वरचं घ्यावं.

कोरड्या मोजपात्रात आधी बरोबर ५० मिली पेट्रोल, मग काचेच्या कडेनं सावकाश मिठाचं पाणी, एकूण १०० च्या खुणेपर्यंत. बूच लावून पात्र दहा वेळा उलटं-सुलटं करायचं. उलटं-सुलटं, घुसळायचं नाही. दर दोन-तीन वेळांनी पात्र सरळ धरून बूच किंचित सैल करायचं, कारण आत वाफेचा दाब तयार होतो. मग सपाट जागी ठेवून १५ मिनिटं हात लावायचा नाही. त्यानंतर दोन थरांमधली सीमा डोळ्याच्या पातळीवर आणून वाचायची. तळाचा थर ५० च्या वर जितके मिली गेला त्याची दुप्पट करायची आणि त्यात १ मिळवायचा. तळाचा थर ५९.५ वर थांबला, तर वाढ ९.५ मिली, दुप्पट १९, अधिक १, म्हणजे २० टक्के. टाकीत ई२० आहे.

हा वरचा १ कुठून आला? इथेनॉल आणि पाणी एकत्र केल्यावर आकारमान दोघांच्या बेरजेइतकं होत नाही, थोडं आकसतं. १० मिली इथेनॉल खाली उतरलं तरी थर पूर्ण १० मिली वाढत नाही. ती तूट भरून काढायला ब्राझीलच्या सूत्रात १ ठेवला आहे. घरगुती व्हिडिओंमध्ये पाणी अंदाजानं ओततात, कधी पेट्रोलच्या दहाव्या हिश्शाइतकंच. एवढ्याशा पाण्यात इथेनॉल पुरतं उतरत नाही, काही पेट्रोलमध्येच रेंगाळतं, आणि तळाच्या इथेनॉलबरोबर पेट्रोलचे काही घटकही थोडे पाण्यात शिरतात. म्हणून पाणी पेट्रोलइतकंच हवं. मिठाचं कामही हेच: खारट पाण्यात पेट्रोलचे घटक कमी विरघळतात आणि सीमा लवकर, स्वच्छ उमटते.

चुका होतात त्या बहुतेक वाचताना. पात्र जोरात हलवलं की दोन थरांच्या मध्ये दुधट फेसाची साय धरते आणि सीमा कुठली ते ठरवता येत नाही. अशा वेळी अंदाज न बांधता आणखी थांबावं. सीमा दिसायला सोपी व्हावी म्हणून मिठाच्या पाण्यात पाण्यात विरघळणाऱ्या खाण्याच्या रंगाचा एक थेंब टाकावा, तो खालच्याच थरात राहतो. अर्ध्या मिलीची चूक म्हणजे उत्तरात एक टक्क्याची चूक, तेव्हा या पद्धतीनं १९ आणि २० मधला फरक सांगायचा आव आणू नये. १० आणि २० मधला फरक मात्र ती छातीठोक सांगते.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. वरचा थर किती कमी झाला त्यावरून हिशेब करायचा मोह होतो. पेट्रोलमधले हलके घटक खोलीच्या तापमानाला उडून जातात, त्यामुळे वरचा थर इथेनॉल गेल्यामुळे कमी होतो तसा उडून गेल्यामुळेही होतो, आणि टक्केवारी फुगते. वाचायचा तो नेहमी खालचा थर. आपला हात आणि पात्र यांचा शून्य तपासायचा असेल तर पेट्रोलऐवजी रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन ५० मिली घेऊन तीच कृती करावी. त्यात इथेनॉल नसतं, म्हणून सीमा ५० वरच राहायला हवी. ती ५१ वर दिसली तर ओतताना किंवा वाचताना एक मिली चुकतंय.

मग पेट्रोलमध्ये खरोखर पाणी असेल तर? त्यासाठी काही मिसळण्याआधी बघायचं. नमुना कोरड्या काचेत दहा मिनिटं नुसता उभा ठेवायचा. निव्वळ पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळतच नाही. दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये १५ अंश सेल्सिअसला साधारण अर्धा टक्का, म्हणजे लिटरमागे पाचेक मिली पाणी विरघळून राहतं. ई२० मध्ये त्याहून जास्त. ही मर्यादा ओलांडली की पाणी एकटं वेगळं होत नाही, इथेनॉललाही खाली ओढतं. काहीही न मिसळता तळाशी वेगळा थर दिसला तर तो हाच, आणि असं पेट्रोल गाडीला घातक, कारण टाकीतला पंप तळाशीच बसवलेला असतो. अशा नमुन्याच्या वरच्या भागाची चाचणी घेतली तर इथेनॉल कमी दिसेल. तो आकडा निरुपयोगी. आणखी एक मर्यादा: मिथेनॉलही पाण्यात असंच उतरतं. ही चाचणी दोन्ही अल्कोहोल वेगळी ओळखत नाही. ते काम प्रयोगशाळेतल्या गॅस क्रोमॅटोग्राफीचं, म्हणजे मिश्रणातले घटक वायुरूपात वेगळे करून मोजणाऱ्या तंत्राचं.

पंपावर मिळणाऱ्या घनतेच्या तपासणीवरही पुष्कळांचा विश्वास असतो. ती तपासणी करून घ्यावी, पण इथेनॉलसाठी नव्हे. पेट्रोलची घनता १५ अंशांना घनमीटरमागे ७२० ते ७७५ किलोमध्ये कुठेही असू शकते आणि इथेनॉलची ७९४. ७४० च्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल घातलं तर मिश्रण ७५० च्या आसपास येतं. बिनइथेनॉलचं ७५० चं पेट्रोलही तितकंच नियमात बसतं. हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजणारी तरंगती नळी, घनता पंपावर नोंदलेल्या आकड्याशी जुळते का एवढंच सांगतो. फिल्टर पेपरवर टाकलेला थेंब डाग न ठेवता उडाला तर रॉकेल-डिझेलसारखी जड भेसळ नाही एवढंच कळतं.

फ्युएल इंजेक्शनची गाडी स्वतःही ही मोजणी करत असते, फक्त तिला ते माहीत नसतं. पेट्रोलच्या एका किलोला जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ आणि ई२० ला साधारण १३.५. इंधन बदललं की धुरात ऑक्सिजन उरतो, सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर तो टिपतो आणि संगणक इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. ही दुरुस्ती ओबीडी स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून त्यातले आकडे वाचणाऱ्या उपकरणावर, ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ म्हणून दिसते. निव्वळ पेट्रोलवर बेतलेल्या इंजिनात ई२० घातलं तर ती सात-आठ टक्क्यांनी वर जाते, ई१० वर बेतलेल्यात साडेतीन-चार. पण इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेकच्या पाइपला चीर असली किंवा इंजेक्टर चोंदले असले तरी हाच आकडा वर चढतो. ब्राझीलमध्ये २००३ साली आलेल्या पहिल्या फ्लेक्स-फ्युएल (पेट्रोल आणि इथेनॉलच्या कुठल्याही मिश्रणावर चालणाऱ्या) गाडीनं इथेनॉलसाठी वेगळा सेन्सर न लावता याच संकेतावरून इंधन ओळखलं होतं.

असा वेगळा सेन्सर इंधनाच्या नळीत बसतो आणि इंधनाचा परावैद्युत स्थिरांक, म्हणजे विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो तो आकडा, मोजतो. पेट्रोलचा तो सुमारे २, इथेनॉलचा २४ ते २५; दरी इतकी मोठी की चूक व्हायला फारसा वाव नाही. या सेन्सरची प्रचलित भाषा गंमतशीर सोपी आहे: निव्वळ पेट्रोलला ५० हर्ट्झ, निव्वळ इथेनॉलला १५०. हर्ट्झमधून ५० वजा केले की टक्केवारी. ई२० ला ७०. तीन तारा असतात, १२ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. सिग्नलच्या तारेला पुल-अप रेझिस्टर (तार व्होल्टेजच्या पुरवठ्याला जोडणारा रोधक) लावायचा राहिला तर मल्टिमीटरवर काहीच दिसत नाही आणि सेन्सर खराब समजून बदलला जातो. पाण्याचा स्थिरांक ८० च्या घरात, म्हणून इंधनातलं पाणी हा सेन्सर जास्तीचं इथेनॉल समजतो.

नमुना काढण्याचं काम सर्वांत किचकट. पंपावर सुटं पेट्रोल सहसा देत नाहीत. इंजेक्शनच्या गाडीत इंधनाच्या नळीत तीन-चार बारचा दाब असतो, तेव्हा ते गॅरेजमध्ये, आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडू दिल्यावरच. तोंडानं पेट्रोल ओढायचं नाही. चाचणी उघड्यावर, गॅसच्या शेगडीपासून आणि वीजबटणांपासून लांब. वापरलेलं पेट्रोल टाकीत परत ओतायचं नाही, त्यात मिठाचं पाणी असतं. गटारातही नाही, गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात.

कार्ब्युरेटरची जुनी दुचाकी असेल तर तिच्यात ना ऑक्सिजन सेन्सर असतो ना ट्रिम. इथेनॉल वाढलं की ती मुकाट्यानं हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशी चालते, सकाळी चोकशिवाय उचलत नाही. तिच्यासाठी मोजपात्र हेच एकमेव यंत्र, आणि नमुनाही तिचाच सर्वांत सोपा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर फ्लोट चेंबरखालचा, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठणाऱ्या छोट्या वाटीखालचा, स्क्रू सैल करायचा. पहिलं वाहून येईल ते वेगळ्या बाटलीत घ्यायचं, कारण चेंबरमध्ये पडून राहिलेल्या पेट्रोलमधले हलके घटक उडालेले असतात आणि पाणीही तिथेच साचतं. मग कॉक उघडा ठेवून टाकीतून येणारं ताजं ५० मिली.