बालकुमारांच्या भयकथा व अद्भुतकथांतील अंधार आणि आशा

साधारण आठ ते सोळा वर्षांच्या वाचकांसाठीच्या कथेत भीती, मृत्यू, एकटेपणा यांना मोकळी जागा देऊनही वाचकाला त्यातून बाहेर येण्याची वाट ठेवणे, हे या प्रकाराचे मुख्य तंत्र. अंधार किती गडद आहे यापेक्षा त्याला काही नियम आहे का, हे महत्त्वाचे ठरते. आरशातल्या बाईला खऱ्या नावाने हाक मारलेली सोसत नाही, अशी एखादी मर्यादा कथेच्या सुरुवातीलाच, बोलण्याच्या ओघात पेरून ठेवतात. शेवटी मुलाने तीच वापरली तर सुटका पटते. आयत्या वेळी नवीच जादू निघाली, तर दहा वर्षांचे पोरही लबाडी ओळखते.

भीती दाखवण्यापेक्षा सुचवलेली बरी. दाराखालची उजेडाची पट्टी मधेच दोन ठिकाणी काळी होते. बाहेर कोणीतरी उभे आहे, हे वाचकाला कळते. पुढच्याच वाक्यात त्याचे दात आणि नखे मोजत बसले की भीती ओसरते.

खरी अडचण मोठ्या माणसांची. आईवडील हाताशी असले तर संकट टिकत नाही, म्हणून त्यांना आजारी पाडावे, परगावी धाडावे किंवा अविश्वासू करावे लागते. यातले शेवटचे सर्वांत बोचरे. ग्रिम बंधूंच्या ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’मध्ये मुलांना रानात सोडायला लावणारी बाई १८१२च्या आवृत्तीत सख्खी आई होती, पुढे तिची सावत्र आई करण्यात आली.

आशा म्हणजे गोड शेवट नव्हे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टॉल्किन यांनी परीकथांवरील, १९४७मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात अचानक येणाऱ्या सुखद वळणाला महत्त्व दिले, पण दुःख आणि अपयश यांची शक्यता खरी असल्याशिवाय त्या वळणाला अर्थ नाही, हेही बजावले. ‘सगळे स्वप्नच होते’ हा शेवट म्हणूनच फसतो: मुलाने दाखवलेले धाडसही त्याबरोबर खोटे ठरते. मेलेल्या मित्राला शेवटच्या पानावर उठवून बसवणे ही तशीच चूक. याउलट मॉरिस सेंडक यांच्या १९६३च्या चित्रपुस्तकात रानटी प्राण्यांच्या मुलखातून परतलेल्या मॅक्स या मुलाला खोलीत रात्रीचे जेवण वाढलेले दिसते, आणि ते अजून गरम असते. आई चित्रात कुठेच दिसत नाही.