लैंगिक संसर्ग : पुण्यातील ओळख, प्रतिबंध आणि उपचार

लैंगिक संबंधांतून एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या जंतुसंसर्गांचे एकत्रित नाव. तिसाहून अधिक जिवाणू, विषाणू आणि परजीवी या वाटेने पसरतात, पण दवाखान्यात पुन्हापुन्हा भेटतात ते आठ. त्यांपैकी सिफिलिस, गोनोरिया, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास औषधाने पूर्ण बरे होतात. हर्पिस (नागिणीच्या विषाणूचा भाऊबंद, पण नागीण नव्हे), एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि एचपीव्ही हे विषाणूजन्य आहेत. त्यांतल्या पहिल्या तिघांना औषधाने काबूत ठेवता येते. एचपीव्ही बहुतेकांच्या शरीरातून आपोआप जातो; ज्यांच्यात ठाण मांडतो त्यांना पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका असतो.

जुन्या मराठीत सिफिलिस म्हणजे ‘गरमी’, गोनोरिया म्हणजे ‘परमा’ आणि जांघेत येणारी गाठ म्हणजे ‘बद’. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात सिफिलिसला ‘फिरंगरोग’ म्हटले आहे, म्हणजे फिरंग्यांनी आणलेला. रोग आपल्या दारचा नाही, दुसऱ्याच्या दारचा आहे, ही समजूत अशी नावातच बसलेली आहे.

‘गरमी’ या शब्दाने आणखी एक घोटाळा केला. लघवीला जळजळ झाली की घरोघरी निदान ठरलेले असते: उन्हाळी लागली. मग सब्जा, धने-जिऱ्याचे पाणी, ताक. एप्रिल-मेमध्ये हे निदान बरोबरही ठरते, कारण पाणी कमी प्यायल्याने लघवी कडक होतेच. पण जळजळीबरोबर पिवळसर पू येत असेल आणि आठवडाभरात नव्या किंवा असुरक्षित संबंधाची आठवण असेल, तर ती उन्हाळी नव्हे. पुरुषांत गोनोरियाची लक्षणे बहुधा दोन ते पाच दिवसांत दिसतात. काही दिवसांनी ती आपोआप मंदावतात आणि श्रेय सब्जाला मिळते. जंतू तिथेच असतात. सिफिलिस याहून लबाड. त्याचा पहिला व्रण दुखत नाही म्हणून दुर्लक्षित राहतो आणि तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो म्हणून विसरला जातो. पुढे तळहात-तळपायांवर न खाजणारे पुरळ उठते, तेही जाते. काहींना त्यानंतर कित्येक वर्षांनी हृदय आणि मेंदूची दुखणी होतात.

स्त्रियांमध्ये क्लॅमिडिया बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. बीजवाहिन्या चिकटल्यावर, मूल का होत नाही याच्या तपासण्या सुरू झाल्या की त्याचा माग लागतो. उलट ‘अंगावर पांढरे जाणे’ ही तक्रार प्रत्येक वेळी लैंगिक संसर्गाची नसते. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांतला पातळ, वासरहित स्राव नैसर्गिक असतो, आणि दह्याच्या कवड्यांसारखा, खाज आणणारा स्राव बहुधा बुरशीचा. हिरवट-पिवळा, फेसाळ किंवा दुर्गंधीयुक्त स्राव आणि सोबत ओटीपोटात दुखणे असेल तर तपासणी टाळू नये. गरोदरपणी पहिल्याच भेटीत एचआयव्ही व सिफिलिसची रक्ततपासणी करतात. सिफिलिस वेळेवर सापडला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बाळही वाचते.

पुण्याचा या विषयाशी संबंध इंग्रजी फौजेच्या छावणीपासूनचा. १८६४च्या छावणी कायद्यानंतर सैनिकांना रोग होऊ नये म्हणून शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी होई. आजारी स्त्री ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये कोंडली जाई. शिपायाला कोणी कोंडत नसे. दोषाचे बोट या स्त्रियांकडेच राहिले, आणि शरीरविक्रयाची वस्ती असलेल्या बुधवार पेठेबद्दल शहर आजही तेच बोलते. १९९२मध्ये भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, उभी राहिली. तिच्या डॉ. रमण गंगाखेडकर आदी संशोधकांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची पाहणी केली. त्यांतल्या ३९१ शरीरविक्रय करणाऱ्या नव्हत्या. तरीही त्यांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. बहुतेक जणी विवाहित होत्या आणि आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आलेल्या. रोग घरात नवऱ्याकडून आला होता. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने ‘चारित्र्य सांभाळले की झाले’ या सल्ल्यातली हवाच काढली.

प्रतिबंधाचे साधे साधन निरोध. तो सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतो. एक घरगुती चूक मात्र सर्रास होते: खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावले तर लॅटेक्स कमजोर होऊन फाटते, वंगण पाण्याचेच हवे. झाकल्या न जाणाऱ्या त्वचेतून हर्पिस आणि एचपीव्ही पसरू शकतात, म्हणून एचपीव्हीची लस महत्त्वाची. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस मुलगे-मुली दोघांनाही चालते. वयाच्या ९ ते १४ वर्षांत दोन डोस, त्यानंतर २६पर्यंत तीन. एचआयव्हीचा धोका घडून गेला असेल तर ७२ तासांच्या आत औषधे सुरू करावी लागतात. ती २८ दिवस चालतात. तास जितके जातील तितका उपयोग घटतो.

उपचारासाठी सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतात. तिथे अहवालाची वाट न पाहता लक्षणांवरून रंगीत पाकीट देतात. मूत्रमार्गातून पू येत असेल तर करडे (ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्सिम ४०० मिलिग्रॅम), योनिस्रावाला हिरवे, व्रणाला पांढरे, पेनिसिलिन न चालणाऱ्यांना निळे, हर्पिसला लाल, ओटीपोटातल्या दुखण्याला पिवळे, बदेला काळे. रेल्वे रुळांकडेच्या भिंतींवरचे ‘शर्तिया इलाज’ आणि औषधाच्या दुकानातून अंदाजाने घेतलेल्या दोन गोळ्या यांपेक्षा हे पाकीट कधीही भरवशाचे. अर्धवट प्रतिजैविकांमुळेच गोनोरियावर पूर्वी चालणारी सिप्रोफ्लॉक्सॅसिन आज निकामी झाली आहे. शेजारीच एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात एचआयव्हीची मोफत चाचणी होते. २०१७च्या कायद्यानुसार ती संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. माहितीसाठी १०९७ हा निःशुल्क क्रमांक आहे.

अवघड भाग पाकिटानंतर सुरू होतो. बाई एकटी आलेली असते. समुपदेशक सांगतात, ‘ताई, मिस्टरांनाही घेऊन या’; ती मान डोलावते आणि महिन्याभराने तीच तक्रार घेऊन परतते. औषध लागू पडलेले असते, नवरा आलेला नसतो. म्हणून जोडीदाराला वेगळे पाकीट दिले जाते आणि दोघांचे औषध संपून आठवडा होईपर्यंत संबंध टाळायला सांगतात. सिफिलिसमध्ये इंजेक्शनपाशीही काम संपत नाही. व्हीडीआरएल या सिफिलिसच्या रक्तचाचणीतला आकडा उतरतो आहे ना, हे काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा रक्त देऊन पाहावे लागते.